विश्लेषण : ट्रॉफी घ्या, पण जेवायला थांबू नका! कोण होता एर्नी डेव्हिस?

लॉस एंजेलिस येथे २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट परतते आहे, हे प्रताप नगरपासून पारडीपर्यंत अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे. त्याच दिवशी, त्याच निर्णयाने आणखी एक खेळ ऑलिम्पिकमध्ये आला, त्याकडे आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. तो खेळ म्हणजे फ्लॅग फुटबॉल. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनातच त्यावर शिक्कामोर्तब झाले. अमेरिकन फुटबॉलमधून अंगावर धावून पाडणे वजा केले, की उरतो तो फ्लॅग फुटबॉल.

अमेरिकेत या खेळाची मुळे व्यावसायिक संघांत नाहीत, ती कॉलेजांच्या मैदानात आहेत. आणि कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता एर्नी डेव्हिस. त्याला अवघे २३ वर्षांचे आयुष्य लाभले. व्यावसायिक स्पर्धेत तो एकही सामना खेळला नाही. तरीही अमेरिकेत त्याचे नाव निघते, त्यामागे केवळ आकडेवारी नाही.

कॉलेजच्या खेळाला एवढे महत्त्व कसे?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात, चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद चषक मिळतो. पण नागपूर विद्यापीठाच्या संघाचा सामना पाहायला शहर लोटले आहे, असे चित्र दिसत नाही. अमेरिकेत ते दिसते. जामठ्याच्या स्टेडियममध्ये सुमारे ४५ हजार प्रेक्षक बसतात. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमची क्षमता एक लाख सात हजारांहून अधिक आहे. ते केवळ एका विद्यापीठाचे मैदान आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

चांगल्या खेळाडूला विद्यापीठ शिष्यवृत्ती देते, म्हणजे शिक्षण, राहणे आणि जेवण यांचा खर्च उचलते. गरीब घरातल्या मुलासाठी हा शिक्षणाचा रस्ता असतो. विद्यापीठासाठी ती तिकीटविक्री, देणग्या आणि नावलौकिक यांची सोय असते. या देवघेवीत कुणाचे पारडे जड, हा वाद अमेरिकेत अनेक दशके चालला. डेव्हिसच्या काळात खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळणे नियमबाह्यच होते.

कॉलेज फुटबॉलमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला हाइझमन ट्रॉफी दिली जाते. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन ॲथलेटिक क्लबने १९३५ मध्ये हा पुरस्कार सुरू केला. पुढच्या वर्षी त्याला क्लबचे दिवंगत क्रीडा संचालक आणि नामवंत प्रशिक्षक जॉन हाइझमन यांचे नाव देण्यात आले. काखेत चेंडू दाबून, दुसरा हात पुढे करून प्रतिस्पर्ध्याला दूर लोटणारा खेळाडू, असा तो कांस्य पुतळा आहे. गंमत म्हणजे पहिला विजेता, शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर, व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. त्या काळी व्यावसायिक खेळात पैसा नव्हता, प्रतिष्ठा कॉलेजच्या खेळात होती.

खेळ नेमका कसा असतो?

ज्यांनी कबड्डी पाहिली आहे त्यांना फार अवघड जाऊ नये. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचले की टचडाउन, म्हणजे सहा गुण.

चेंडू काखेत घेऊन भिंतीसारख्या उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्यांमधून फट शोधत पळणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक. चढाईला गेलेल्या खेळाडूसारखेच त्याचे असते. सात जण पकडायला टपलेले असताना निसटायचे. फरक एवढाच की इथे पकडणारे अकरा असतात आणि परतीची मध्यरेषा नसते, पुढेच जायचे असते. डेव्हिस हाफबॅक होता, म्हणजे याच जातीचा खेळाडू. त्या काळच्या नियमांमुळे खेळाडू सहज बदलता येत नसत, त्यामुळे आक्रमणात पळणारा खेळाडू बचावातही उभा राहायचा. तोही राहिला.

कोळशाच्या गावातून सिराक्यूजपर्यंत

एर्नी डेव्हिसचा जन्म १४ डिसेंबर १९३९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या न्यू सेलम या गावी झाला. जन्मापूर्वीच वडील अपघातात गेले. आईच्या आईवडिलांनी त्याला युनियनटाउन या कोळसा खाणींच्या गावात वाढवले. लहानपणी तो बोलताना अडखळत असे. बाराव्या वर्षी तो आई आणि सावत्र वडिलांकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मिरा गावी आला आणि एल्मिरा फ्री अकॅडमी या शाळेत बेसबॉल, बास्केटबॉल व फुटबॉल या तिन्ही खेळांत चमकला. बास्केटबॉलमध्ये त्याच्या शाळेने सलग ५२ सामने जिंकले.

अनेक विद्यापीठे त्याच्या मागे लागली. सिराक्यूज विद्यापीठाचे प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत छत्रीने उतरलेले सैनिक; शिस्तीचे कडक. त्यांनी एल्मिराच्या फेऱ्या मारल्याच, पण डेव्हिसचे मन वळवण्यासाठी त्यांनी आणखी एका माणसाची मदत घेतली. त्याचे नाव जिम ब्राउन.

ब्राउनने काही वर्षांपूर्वीच सिराक्यूजकडून खेळताना मैदान गाजवले होते. त्याची जर्सी ४४ क्रमांकाची. १९५६ मध्ये हाइझमन त्यालाच मिळायला हवी होती असे आजही अनेक जाणकार मानतात. प्रत्यक्षात मतदानात तो पाचवा आला. ट्रॉफी नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाली, ज्याच्या संघाने त्या मोसमात दोन सामने जिंकले आणि आठ गमावले होते. ब्राउन कृष्णवर्णीय होता, हॉर्नंग गोरा. असा अनुभव घेतलेला माणूस एका शाळकरी मुलाला ‘याच विद्यापीठात ये’ म्हणून सांगायला गेला, हे विसरता येत नाही. डेव्हिस सिराक्यूजला आला आणि त्याला ४४ क्रमांकच मिळाला. तिथे तो सिग्मा अल्फा म्यू या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय सदस्य झाला.

डॅलसमध्ये काय घडले?

१९५९ च्या मोसमात सिराक्यूजचा संघ अपराजित राहिला आणि राष्ट्रीय क्रमवारीत पहिला आला. त्यानंतर १ जानेवारी १९६० रोजी टेक्सासमधील डॅलस येथे कॉटन बोल हा मानाचा सामना झाला. समोर टेक्सास विद्यापीठाचा संघ होता. त्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि पुढची दहा वर्षे नसणार होता.

डेव्हिसच्या मांडीमागचा स्नायू दुखावला होता. तरी सामना सुरू होऊन दोन मिनिटे होत नाहीत तोच त्याने सहकाऱ्याने फेकलेला चेंडू झेलून ८७ यार्डांचा टचडाउन केला. कॉटन बोलमधला तो तोपर्यंतचा विक्रम होता. नंतर आणखी एक टचडाउन झाला. बचाव करताना त्याने प्रतिस्पर्ध्याचा एक पासही हिसकावला. सिराक्यूजने सामना २३-१४ असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडू अर्थातच डेव्हिस.

संध्याकाळी मेजवानी आणि पुरस्कार समारंभ होता. डेव्हिसला सांगण्यात आले की त्याने येऊन पुरस्कार घ्यावा आणि मग निघून जावे. जेवण होते ती जागा फक्त गोऱ्यांसाठी होती. टेक्सासमध्ये तेव्हा तसाच रिवाज होता. हॉटेल, उपाहारगृह सगळीकडे. सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदा ठरवणारा नागरी हक्क कायदा अमेरिकेत १९६४ मध्ये झाला. त्या रात्री संघातल्या कुणी काय केले याच्या हकिगती वेगवेगळ्या सांगितल्या जातात; संपूर्ण संघाने बहिष्कार घातला असे काही जण सांगतात, तर कर्णधाराने तसे सुचवले पण विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी ते मानले नाही असे काही सांगतात. डेव्हिसपुढे ठेवलेल्या अटीबद्दल मात्र वाद नाही.

बरोबर एका महिन्याने, १ फेब्रुवारी १९६० रोजी, नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबोरो येथे चार कृष्णवर्णीय कॉलेज विद्यार्थी एका दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. नागरी हक्क चळवळीतला तो मोठा टप्पा ठरला. लढाई पुन्हा पंगतीचीच होती.

हे मराठी वाचकाला परके वाटू नये

प्रताप नगर चौकातून दीक्षाभूमी दुचाकीवर दहा-पंधरा मिनिटांवर आहे. डॅलसच्या सामन्याच्या सव्वातीन वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. एकत्र पाणी पिणे, एकत्र जेवणे या साध्या गोष्टी नाकारण्याचा अर्थ काय असतो हे या शहराला कुणी अमेरिकेतून येऊन सांगण्याची गरज नाही.

खेळातले उदाहरणही घरचेच आहे. पालवणकर बाळू हे भारताचे पहिले थोर फिरकी गोलंदाज. चांभार समाजात जन्मलेले बाळू पुण्यात इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करत. त्यांची गोलंदाजी पाहून हिंदूंच्या क्लबने त्यांना संघात घेतले. पण चहाच्या वेळी बाकीचे खेळाडू आत चिनी मातीच्या कपातून चहा पीत, बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणाचे टेबलही वेगळे. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला तेव्हा बाळूंनी दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले.

बाळूंचा चेंडू चालतो, पण त्यांचा कप चालत नाही. डेव्हिसचे टचडाउन चालतात, पण त्याची खुर्ची चालत नाही. दोन्हीकडचा हिशेब एकच होता.

हाइझमन आणि राष्ट्राध्यक्षांची भेट

सिराक्यूजमधल्या तीन मोसमांत डेव्हिसने चेंडू घेऊन धावत एकूण २,३८६ यार्ड कापले आणि ३५ टचडाउन केले. प्रत्येक धावेमागे सरासरी ६.६ यार्ड. म्हणजे दोन प्रयत्नांत दहा यार्डांचे काम जवळजवळ फत्ते. जिम ब्राउनचे विद्यापीठातले विक्रम मागे पडले.

१९६१ ची हाइझमन त्याला मिळाली. ओहायो स्टेटच्या बॉब फर्ग्युसनला ७७१ गुण मिळाले, डेव्हिसला ८२४. ट्रॉफी घेण्यासाठी तो ६ डिसेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडीही शहरात होते. त्यांनी डेव्हिसला भेटायची इच्छा व्यक्त केली आणि भेट झाली. दोन वर्षांपूर्वी ज्याला जेवणाच्या दालनातून जायला सांगितले होते, त्याच्याशी देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी हस्तांदोलन केले, असे वर्णन पुष्कळ वेळा वाचायला मिळते. ते खोटे नाही, पण त्यावरून सगळे बदलले असे समजू नये. पुढच्याच घडामोडीत ते दिसते.

वॉशिंग्टनने निवडले ते कशासाठी?

कॉलेजचे खेळाडू व्यावसायिक संघांकडे जातात ते ‘ड्राफ्ट’ नावाच्या निवडप्रक्रियेतून. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. १९६२ च्या निवडीत पहिली पाळी वॉशिंग्टन रेडस्किन्सची होती आणि त्यांनी डेव्हिसचे नाव घेतले. सर्वांत आधी निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

पण हा संघ तोपर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला न घेणारा एनएफएलमधला शेवटचा संघ होता. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी ते धोरण हट्टाने चालवले होते. त्यांचे नवे स्टेडियम केंद्र सरकारच्या जमिनीवर होते. केनेडी सरकारमधले मंत्री स्ट्युअर्ट युडॉल यांनी सरळ बजावले, की भेदभाव करायचा असेल तर सरकारी जमिनीवर खेळता येणार नाही. मार्शल झुकले ते या जमिनीसाठी. नैतिक आवाहने जिथे हरतात तिथे जागेचा करार कामाला येतो, हे आपल्याकडेही पाहायला मिळते.

डेव्हिस वॉशिंग्टनकडून खेळला नाहीच. त्याच्या बदल्यात क्लीव्हलंड ब्राउन्स संघाने बॉबी मिचेल आणि आणखी एक खेळाडू दिला. मिचेल वॉशिंग्टनचा पहिला कृष्णवर्णीय तारा झाला. क्लीव्हलंडला डेव्हिस हवा होता तो जिम ब्राउनच्या जोडीला. सिराक्यूजचे दोन ४४ एकाच संघात, या कल्पनेनेच चाहते हरखले होते. नवोदित खेळाडूला तोवर न मिळालेल्या रकमेचा करार त्याच्याशी झाला.

मानेवरची सूज

१९६२ च्या उन्हाळ्यात कॉलेजमधल्या निवडक खेळाडूंचा संघ शिकागो येथे एका प्रदर्शनीय सामन्याची तयारी करत होता. डेव्हिसची मान सुजली. त्याला रुग्णालयात नेले. आधी गालगुंडासारख्या साध्या आजाराचा संशय आला. रक्त तपासल्यावर निदान झाले, तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत त्याला आजाराचे खरे नाव सांगितले गेले नाही. रुग्णापासून निदान लपवण्याची रीत तेव्हा तिथेही होती.

ल्युकेमियात अस्थिमज्जेत अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होतात आणि निरोगी रक्तपेशींना जागा उरत नाही. थकवा, वारंवार ताप, हिरड्यांतून रक्त, गाठी अशी लक्षणे दिसतात. आज अनेक औषधांचा एकत्रित मारा आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण यांमुळे बरेच रुग्ण वाचतात. १९६२ मध्ये औषधांनी रोग काही महिने मागे हटवता येत असे, एवढेच. डेव्हिसचाही हटला. रक्ताचे अहवाल चांगले आले, शरीर पुन्हा धडधाकट दिसू लागले.

मग प्रश्न आला, त्याला खेळू द्यायचे का? संघमालक आर्ट मोडेल यांच्या मते डॉक्टरांची हरकत नसेल तर त्याला मैदानात उतरू द्यावे. त्याचीही तीच इच्छा होती. प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी साफ नकार दिला. आधीच बिघडलेले दोघांचे संबंध यावरून आणखी ताणले आणि जानेवारी १९६३ मध्ये मोडेल यांनी ब्राउन यांना काढून टाकले. कोण बरोबर होते? मरणाऱ्या तरुणाची शेवटची इच्छा म्हणून मोडेल यांची बाजू घेणे सोपे आहे. पण जबर धडका बसणाऱ्या खेळात, रक्तस्राव थांबणे ज्याच्या शरीराला कधीही अवघड होऊ शकते अशा मुलाला उतरवायला नकार देणारा प्रशिक्षक निर्दयच होता, असे म्हणणे कठीण आहे.

क्लीव्हलंडच्या प्रेक्षकांनी डेव्हिसला मैदानावर पाहिले ते एकदाच, ऑगस्ट १९६२ मध्ये. सराव सामन्याआधी दिवे मंद करून त्याची ओळख करून देण्यात आली. प्रकाशझोतात तो धावत आला. प्रेक्षक उभे राहिले.

मार्च १९६३ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात त्याचा लेख छापून आला. आपण दुर्दैवी नाही, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. मे महिन्यात एके दिवशी तो मोडेल यांच्या कार्यालयात डोकावला आणि काही दिवस रुग्णालयात जात असल्याचे सांगून गेला. दोन दिवसांनी, १८ मे १९६३ रोजी, त्याचा मृत्यू झाला. एल्मिरात अंत्यदर्शनासाठी हजारो लोक रांगेत उभे होते. केनेडींची तार वाचून दाखवण्यात आली. क्लीव्हलंडने ४५ क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली. तो क्रमांक घालून डेव्हिस एकही सामना खेळला नव्हता.

४४ पुढे कुणाकडे गेला?

मृत्यूपूर्वी डेव्हिसने आणखी एका मुलाला सिराक्यूजला येण्याचा आग्रह केला होता, जसा ब्राउनने त्याला केला होता. तो मुलगा फ्लॉइड लिटल. डेव्हिस गेल्याची बातमी कळताच लिटलने श्वार्ट्झवाल्डर यांना फोन करून होकार कळवला. तोही ४४ क्रमांक घालून खेळला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. विद्यापीठाने २००५ मध्ये हा क्रमांक निवृत्त केला. विद्यापीठाच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडेही ४४ आहेत.

डेव्हिसवर २००८ मध्ये ‘द एक्स्प्रेस’ हा चित्रपट आला. मोबाइलवर पाहणार असाल तर एक लक्षात ठेवा, वेस्ट व्हर्जिनियात प्रेक्षक त्याच्यावर वस्तू फेकतात ते दृश्य काल्पनिक आहे. १९५९ चा तो सामना प्रत्यक्षात सिराक्यूजच्या घरच्या मैदानावर झाला होता. वेस्ट व्हर्जिनियाकरांनी त्यावर रीतसर नाराजी व्यक्त केली. वाईट लोक दुसऱ्या राज्यात दाखवणे चित्रपटांना नेहमीच सोयीचे जाते.

कारण सिराक्यूजमध्येही सगळे आलबेल नव्हते. १९७० मध्ये, श्वार्ट्झवाल्डर हेच प्रशिक्षक असताना, नऊ कृष्णवर्णीय खेळाडूंनी संघाच्या सरावावर बहिष्कार घातला. अभ्यासात गोऱ्या खेळाडूंइतकीच मदत, सर्वांना चांगली वैद्यकीय सेवा, गुणवत्तेवर संघात जागा आणि प्रशिक्षकांत एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती, एवढ्या त्यांच्या मागण्या होत्या. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘सिराक्यूज एट’ म्हटले, संख्या चुकवून. त्यांच्या फुटबॉल कारकिर्दीवर पाणी पडले. डेव्हिस शांत स्वभावाचा होता, त्याने जाहीर संघर्ष केला नाही, म्हणून त्याचे उदाहरण देऊन अशा मुलांना गप्प बसवणे सोपे होते. पण डेव्हिसच्या शांतपणाला समाधान समजण्याचे काही कारण नाही. त्याच्यासमोर दुसरे पर्याय किती होते, ते डॅलसने दाखवलेच होते.

खेळाडूंच्या पैशाचा प्रश्न सुटायला आणखी वेळ लागला. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचे नाव आणि छबी वापरून जाहिरातींतून कमाई करता येते. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची मुभा होती.

‘सिराक्यूज एट’मधल्या नऊ जणांची विद्यापीठाने २००६ मध्ये औपचारिक माफी मागितली, त्यांना कुलपतींचे पदक दिले आणि ३६ वर्षांपूर्वी नाकारलेली संघाची जाकिटेही दिली.